सुट्टीचा ताप

या गावच्या हमालांना आराम सोसत नाही. ही तक्रार नव्हे, ही गावाची अब्रू आहे. आठवडाभर बटाट्याची पोती पाठीवर घेऊन ट्रकला लावलेली फळी चढणारा धडधाकट माणूस सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत ठीक असतो. दुपारनंतर त्याला जांभया सुटतात, नाक गळायला लागतं, भर उन्हात अंगावर काटा येतो आणि पोटऱ्या कोणीतरी आतून पिळत बसल्यासारख्या दुखतात. झोप म्हणून लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो यार्डात जातो, चहा घेतो आणि पहिला ट्रक भरेपर्यंत खडखडीत बरा होतो. याला गावात सुट्टीचा ताप म्हणतात. बायका आदल्या संध्याकाळीच जास्तीची चादर काढून ठेवतात. "आमच्यांना बसणं बाधतं," असं एकमेकींना सांगतात. ज्या घरात हा ताप येत नाही, त्या घरातला पुरुष कामचुकार समजला जातो आणि त्याच्या पोरीला स्थळ आणताना लोक दोनदा विचार करतात.

हमालांच्या टोळीचा मुकादम या तापाचा सगळ्यात मोठा मानकरी होता. रुंद मान, गुळगुळीत टक्कल, त्यावर कायम गुंडाळलेला घामट पंचा आणि कमरेला पोतं ओढायचा लोखंडी हूक. सकाळी यार्डाचं फाटक उघडलं की किटलीतून चहा फिरे आणि चहामागून मुकादम फिरे. प्रत्येकाच्या तळहातावर तो स्वतःच्या हाताने एक पिवळी गोळी ठेवी आणि ती घशाखाली उतरेपर्यंत समोर उभा राही. गोळी पाठदुखीची. फार मागे एका हमालाची कंबर धरली तेव्हा कुठल्याशा डॉक्टरने ती दिली होती. त्याला ती इतकी मानवली, की किराणा दुकानदाराने बरणीच भरून ठेवली आणि टोळीने ती कंबर न धरताही घ्यायला सुरुवात केली. आता तिला 'पिवळी' एवढंच नाव उरलं होतं.

टोळीची वाटणी सारखी, म्हणून चाल सारखी, आणि चाल सारखी म्हणून गोळीही सारखी. एकाने घेतली आणि दुसऱ्याने चुकवली, तर फळीवर मागच्याचे गुडघे पुढच्याच्या टाचांवर आदळत. म्हणजे शेवटी प्रश्न न्यायाचा होता. काढणीच्या सुट्टीत शाळेतली मोठी मुलं हाताखाली येत, त्यांना अर्धा वाटा आणि अर्धी गोळी. ती अर्धी मुकादम दाताने तोडून देई. नखाने तोडली तर चुरा होतो.

सुट्टीच्या दिवशी अर्थातच पिवळी नसे. कामाची गोळी बिनकामाची कशाला खायची? मुकादम अशा बाबतीत काटकसरी होता.

यंदा ऊन लवकर तापलं. काढलेल्या बटाट्यांचे ढीग यार्डात ओल्या ताडपत्रीखाली पडून होते आणि खालच्या थरातून आंबूस वास येऊ लागला होता. माल कोल्ड स्टोरेजला पोचला नाही तर सडणार, म्हणून मालाचे मालक, शेठ, दिवसभर वजनकाट्याच्या शेडमध्ये बसून स्वतःला वारा घालत आणि इतरांना घाई करत. शाळेलाही काढणीची सुट्टी पुढच्या आठवड्यात लागणार होती. मुकादमाची थोरली लेक नववीत होती. खांदे बापाचे, जीभ आजीची. यंदा ती फळी चढणार हे ठरलं होतं. बियाण्याच्या लहान पिशव्या न्यायच्या, पण फळी तीच.

"पोरगी टोळीत आली म्हणून लाड नाहीत हां," मुकादम सगळ्यांना सांगत सुटला होता. "अर्धा वाटा, अर्धी पिवळी. नियम म्हणजे नियम."

थोरलीची आई त्याच शाळेत विज्ञान शिकवायची. गाव तिला 'बाई' म्हणे आणि कौतुकात किंवा भांडणात असला की नवराही.

*

वरच्या ऑफिसातून शाळेत एक लांबलचक नळी आली. तिच्यात मुलांना व्यसनाचे धोके शिकवायचा रंगीत तक्ता होता.

"बाई, विज्ञान तुमच्याकडे आहे, म्हणजे व्यसनही तुमच्याकडेच," हेडसर म्हणाले. "एक तास शिकवा, शपथ घ्या, फोटो काढा. फोटो आधी काढला तरी चालेल."

फोटो आधी काढला. शपथ फोटोसाठी हात वर करून झाली, त्यामुळे कशाची घेतली ते कोणी विचारलं नाही. मग बाईंनी तक्ता खिळ्याला टांगला. त्यावर खांद्यापर्यंत केस वाढवलेला, काळा चष्मा लावलेला एक माणूस शाळेच्या फाटकाशी सुई घेऊन उभा होता. मागे आकाशात ढगाच्या जागी कवटी होती.

"या माणसाला कोणी पाहिलंय?"

"नाही बाई."

"तो आपल्या गावात आला तर काय कराल?"

"आपल्याला काय करावं लागतंय? कुत्रीच बघून घेतील."

"बाई, त्याला सुई टोचता येत असेल तर दवाखान्यात ठेवा. तिथली नर्स कायम रजेवर असते."

वर्ग हसला. बाईही हसल्या. असा माणूस गावात नाही, म्हणजे विषय संपला असं त्यांनाही वाटलं. पण तासाला अजून वेळ होता आणि अर्ध्यावर तास सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी तक्ता उलटला. मागे बारीक अक्षरात काहीबाही छापलं होतं. ते बहुधा कोणी वाचू नये अशाच बेताने छापलं होतं. बाई वाचू लागल्या.

"नशेच्या गोळ्यांची सवय लागलेल्या माणसाला गोळी वेळेवर मिळाली नाही, तर पुढील लक्षणं दिसतात. सारख्या जांभया येणे. नाकाडोळ्यांतून पाणी गळणे. अंगावर काटा येणे. पाय दुखणे, झोप न लागणे, पोट बिघडणे—"

मधल्या बाकावरून एका हमालाचा मुलगा ओरडला, "बाई, हा तर सुट्टीचा ताप!"

वर्ग खो-खो हसला. बाईंनी 'गप्प बस' म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर घरच्या खुंटीवरची जास्तीची चादर आली. ती त्या स्वतः धुवायच्या, स्वतः घडी घालायच्या.

शेवटच्या बाकावरून थोरली उभी राहिली. शाळेत ती आईला बाईच म्हणे.

"बाई, सुट्टीच्या दिवशी पिवळी नसते."

यावर कोणी हसलं नाही. निम्म्या वर्गाचे बाप टोळीत होते.

*

संध्याकाळी मुकादम अंगणात बसून मानेवरची माती धूत होता. बाईंनी तांब्याने पाणी ओतता ओतताच विषय काढला.

"अहो, पिवळी बंद करा."

"कोण म्हणतं?"

"तक्ता."

"त्याला म्हणावं, आधी एक पोतं उचल, मग बोल." मुकादमाने कानात बोट घालून हलवलं. "औषध आहे ते. औषध काय, आज घेतलं, उद्या सोडलं."

"मग सोडून दाखवा."

"कशाला? ताप आरामाने येतो. माझ्या बापापासून चालत आलंय. विचार आईला."

ओट्यावर बसलेल्या म्हातारीने मान वळवली. तिला कमी ऐकू येई, पण नवऱ्याचा विषय निघाला की ऐकू येई. "तुझ्या बापाला कुठला ताप? सुट्टीला दिवसभर तंगड्या पसरून घोरायचा. जेवायला उठवलं तर अंगावर धावून यायचा."

मुकादमाने पुन्हा मान चोळली. "त्यांचं काम हलकं होतं," तो म्हणाला.

"तीच पोती, तीच फळी," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा बहिरी झाली.

बाईंनी तांब्या खाली ठेवला. "पुढच्या आठवड्यात थोरली यार्डात येणार. तिच्या हातावर अर्धी ठेवणार तुम्ही?"

"सगळ्यांच्या पोरांना दिली. आपलीला नाही दिली तर टोळी काय म्हणेल?"

"टोळी काय म्हणेल ते मला नका सांगू. तुम्ही कामाच्या दिवशी पिवळी घेऊ नका. ताप आरामाने येत असेल तर येणार नाही. आणि काम करताना आला, तर?"

मुकादमाला असल्या सरळ हिशेबाची धास्ती वाटे, पण मागे हटायची त्याहून जास्त. "आला, तर थोरलीला पिवळीचा वाससुद्धा घेऊ देणार नाही. आणि नाही आला, तर तो तक्ता तू गुंडाळून चुलीत घालायचा."

थोरली दारात उभी राहून ऐकत होती. "हेडसर ओरडतील," ती म्हणाली.

"तू गप्प बस," दोघं एकदमच म्हणाले. संसारात त्यांचं एकमत अशा वेळीच व्हायचं.

*

पहिल्या दिवशी मुकादमाने टोळीला गोळ्या वाटल्या आणि आपली खिशात टाकली. दुपारनंतर नाक जरा गळलं, ते त्याने धुळीवर ढकललं. संध्याकाळी तो छाती काढून घरी आला, दोनदा वाढून घेऊन जेवला आणि तक्त्याला चुलीत सरळ घालायचा की दुमडून, यावर मत देऊन झोपायला गेला. झोप काही लागली नाही. तो उकाड्याला शिव्या देत राहिला.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्याला पहिली जांभई आली. मग दुसरी. मग जांभयांची रांगच लागली. फळी नेहमीचीच, पण आज ती उभी केल्यासारखी वाटत होती. पाठीवरच्या पोत्यातला एकेक बटाटा वेगळा टोचत होता. अंगावर काटा आला. एवढ्या उन्हात कावळेसुद्धा ताडपत्रीच्या सावलीत बसले होते.

टोळीत एकदम दोन पोती उचलणारा एक हमाल होता, त्याला सगळे 'डबल' म्हणत. तो मुकादमाच्या मागेच होता.

"दादा, नाक गळतंय. आज सुट्टी आहे का काय?"

टोळी हसली. मग हळूहळू हसायची थांबली. शाळेतल्या गोष्टी पोरांनी घरोघर पोचवल्या होत्याच. मुकादम आज पिवळी घेत नाही हेही सगळ्यांना कळलेलं होतं. गळणाऱ्या नाकाकडे सगळे बघत राहिले. ते नाक प्रत्येकाच्या ओळखीचं होतं.

फळीच्या मध्यावर मुकादमाचा गुडघा लचकला. पोतं कलंडलं, शिवण सुटली आणि बटाटे गडगडत थेट काट्याच्या शेडपर्यंत गेले. एक शेठच्या चपलेला जाऊन लागला.

"मुकादम," शेठ वारा घालायचं न थांबवता म्हणाले, "माल पाठीवरून न्यायचा असतो. स्वतः चालत जायला बटाट्याला सांगून भागत नाही."

मुकादम गुडघ्यांवर बसून बटाटे गोळा करू लागला. आजवर ज्याचं पोतं पडलं त्याला तो दिवसभर सोलून काढायचा. आज कोणी काही बोलत नव्हतं, हेच जास्त लागत होतं. निम्मे बटाटे वेचून झाले आणि त्याच्या पोटात असा पीळ पडला, की हातातलं टाकून तो गोदामाच्या मागे पळाला.

दुपारी तो घरी आला तेव्हा बाई जेवणाच्या सुट्टीत घरी होत्या. तो दारातच बसला. चादर मागितली. मग खिशातून न खाल्लेल्या गोळ्या काढून बाईंच्या हातावर ठेवल्या.

"या तुझ्याकडे ठेव," तो म्हणाला. "माझ्याकडे राहिल्या तर मी आत्ता खाईन. तुझ्याकडे मागायला आलो तर शिव्या देईन. त्या मनावर घेऊ नकोस."

बाई पैज जिंकल्या होत्या. पण भर उन्हात नवरा चादरीत कुडकुडत होता. तक्त्यावर लक्षणं होती, पुढे काय करायचं ते नव्हतं. त्यांनी त्याला तसाच चादरीसकट रिक्षात घातला आणि पलीकडच्या गावच्या दवाखान्यात नेला.

डॉक्टर तरुण होती आणि सकाळपासून पेशंट बघून वैतागलेली होती. तिने गोळी पाहिली, डोळे पाहिले, नाडी पाहिली.

"एकदम सोडायला कोणी सांगितलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"तुम्ही काय करता?"

"शाळेत शिकवते."

"तरीच." डॉक्टर पुढे झुकली. "ही गोळी अशी झटक्यात सोडायची नसते. एखाद्याला फिट येते. ती पायरी पायरीने कमी करायची, डॉक्टरच्या नजरेखाली. सोडवायची हे मात्र बरोबर. उतरवून देईन मी. आणखी कोण घेतं?"

"टोळी," चादरीतून आवाज आला.

"टोळीत कोण कोण?"

"सगळे."

डॉक्टरने हातातली टॉर्च टेबलावर ठेवली. "मग सगळ्यांना पाठवा," ती म्हणाली. "आणि घरी कोणी शूरपणा करू नका."

*

दोन दिवसांनी टोळी शाळेच्या व्हरांड्यात जमली. डबल सगळ्यांच्या पुढे होता.

"सर, बाई आमच्या पोरांना काय शिकवतात? माझं पोरगं काल मला म्हणालं, 'बाबा, जांभई दिलीत, गोळी चुकली का?' बापाला नशेबाज म्हणायचं, हे कुठल्या पुस्तकात आहे?"

हेडसरांनी बाईंना बाजूला घेतलं. "बाई, धडा छानच होता. पण तो इतका लागू पडायला नको होता. तक्ता उतरवा, आणि मुलांना सांगा, की हे सगळं परगावचं आहे."

"परगावी हमाल नसतात का सर?" बाई म्हणाल्या. "तक्ता उतरवते. धडा नाही."

त्या वर्गात जायला निघाल्या, तर मुकादम त्यांच्या आधीच दारात उभा होता. डॉक्टरने ठरवून दिलेली कमी मात्रा घेऊन तो हिंडण्याफिरण्यापुरता सावरला होता. गालफडं बसली होती. चपला बाहेर काढून तो आत गेला. टोळी खिडक्यांच्या गजांना येऊन लागली.

मुकादमाने तक्त्यातल्या लांब केसवाल्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हे चित्र चुकलंय," तो वर्गाला म्हणाला. "गोळी देणाऱ्याला एवढे केस नसतात." त्याने डोक्यावरचा पंचा सोडला. "टक्कल असतं."

एकदोन मुलं हसली.

"तो फाटकाशी चोरासारखा उभाही राहत नाही. तो तुमच्या ओळखीचा असतो. आधी चहा पाजतो. तुमच्या बापाचा दोस्त असतो. त्याला वाटतं, आपण पोरांची पाठ वाचवतोय."

"काका, मग तुम्हाला पकडणार का?" पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं.

"पकडलंय ना. तुमच्या बाईंनी."

आता खिडकीतलेही हसले. मुकादमाने दोन्ही हात पुढे धरले. बोटं अजून थरथरत होती. "हे बघून ठेवा. पिवळीने ओझं हलकं होत नाही. पाठ बहिरी होते. बहिऱ्याला हाक ऐकू येत नाही, म्हणून हाक मारणारा काही गप्प बसलेला नसतो. माझी पाठ इतकी वर्षं बोंब मारत होती, ती मला परवा एकदम ऐकू आली."

थोरली शेवटच्या बाकावरून उठली. बाईंनी मानेनेच नको म्हटलं. तिने पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"बाबा, मला अर्धी देणार होतात?"

मुकादमाने पंच्याने तोंड पुसलं, मग मान.

"देणार होतो," तो म्हणाला. "दाताने तोडून. सगळ्यांसमोर, अभिमानाने."

लेक बापाकडे बघत राहिली. मग "बरं," म्हणून खाली बसली.

खिडकीतून डबलचा आवाज आला, पण मघाचा जोर त्यात नव्हता. "दादा, तुझं उतरणार आणि आमचं चढलेलंच राहणार, तर चाल कशी जमायची?"

"दवाखान्यात रांग लावायची. सारखी."

"आणि मधल्या काळात कंबर दुखली तर?"

"तर दुखली म्हणायचं."

हा उपाय टोळीत आजवर कोणाला सुचला नव्हता. डबलने तो बराच वेळ मनात घोळवला आणि व्हरांड्यातून उतरून चपला शोधू लागला.

*

काढणीच्या सुट्टीच्या पहिल्या सकाळी यार्डाचं फाटक उघडलं. ट्रक मागे लावून उभा होता. किटली फिरली. हमाल आपापल्या डॉक्टरच्या पुडीतली गोळी ज्याची त्याने घेत होते. कोणाची पाऊण, कोणाची अर्धी. दोघा जणांनी मात्र दवाखाना टाळला होता आणि पिवळी दुकानातून स्वतःच आणली होती. मुकादमाने ते पाहिलं. "तुमच्याशी दुपारी बोलतो," एवढंच म्हणाला. दुमडलेल्या जीन्स आणि बापाचे जुने शर्ट घालून शाळेची मुलं भिंतीशी उभी होती. त्यांनी सवयीने हात पुढे केले. मुकादम रांगेतून किटली घेऊन गेला आणि प्रत्येकाच्या हातात कप दिला. थोरलीच्या हातातही. तिने कपात वाकून पाहिलं.

"साखर जास्त आहे," ती म्हणाली.

"तेवढीच मिळेल."

टोळीत पहिला चढेल त्याची चाल ती सगळ्यांची चाल. ती जागा मुकादमाची. आज तो तिथून बाजूला झाला आणि त्याने थोरलीला पुढे केलं. तिच्या पाठीवर बियाण्याची पिशवी ठेवली, पिशवीचा पट्टा तिच्या कपाळावर नीट बसवला आणि स्वतः पोतं घेऊन तिच्या मागे उभा राहिला.

"दमानं. पाय आडवा टाक. धाप लागली की थांब."

थोरली चढली. फळीच्या मध्यावर ती थांबली, तशी तिच्या मागे टोळीही पोती घेऊन थांबली. कोणाचा गुडघा कोणाच्या टाचेवर आदळला नाही. कोणीतरी कण्हलं. मग दुसरा कण्हला, जरा मोकळेपणाने. थोरलीने श्वास घेतला आणि पुढचं पाऊल टाकलं.

काट्याच्या शेडमधून शेठ उठून बाहेर आले. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं आणि ट्रकचा तळही झाकला नव्हता.

"मुकादम, आज टोळीला झालंय काय?"

"काही नाही, शेठ. शुद्धीवर आहे."

"अशा चालीने संध्याकाळ होईल!"

मुकादमाने फळीवरूनच मान वळवली. त्याच्या कपाळावर खराखुरा, कामाचा घाम होता.

"होऊ द्या की," तो म्हणाला. "रोजच होते."